मोटार गावात जळते, पैसा जिल्ह्याला जातो

केळापूर तालुक्यातल्या एका तरुण उपसरपंचाने विचारलं आहे: "आमच्या तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय आहे. मधल्या काळात दोन-तीन कौशल्य केंद्रंही येऊन गेली. दरवर्षी पोरं प्रमाणपत्रं घेऊन बाहेर पडतात. निम्मी पुण्याला जातात, उरलेली पानठेल्यावर दिसतात. मग व्यवसाय प्रशिक्षणाने भागाचा विकास होतो, हे खरं आहे का? आणि ग्रामपंचायत म्हणून आमच्या हातात काय आहे?"

भाऊ, मी आयटीआयमध्ये जोडारी (फिटर) व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. गोंदिया, चंद्रपूर आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांत मिळून 29 वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. माझं उत्तर असं आहे की विकास होतो, पण तो किती प्रमाणपत्रं वाटली यावर मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तालुक्यातली यंत्रं दुरुस्त करायला दरवर्षी किती पैसा तालुक्याबाहेर जातो आणि त्यातला किती आपल्या पोरांच्या हाताला थांबतो, हे मोजा. मी ज्या ज्या गावात प्रशिक्षणाचा खरा परिणाम बघितला, तो तिथेच बघितला.

शेतातल्या मोटारीपासून सुरुवात करतो, कारण ती प्रत्येक गावात आहे.

रब्बीत आठवडाभर रात्रीची लाइन असते. रात्री उठून विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावून ठेवतो. लाइन आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकाच क्षणाला उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. वीस मोटारींनी तो एकदम ओढला की व्होल्टेज खाली बसतं. मोटार पूर्ण वेगाने फिरत नाही, घुरघुरत राहते, आणखी करंट ओढते आणि आतली वाइंडिंग तापते. कधी डीपीवरचा एक फ्यूज उडतो आणि मोटार तीनऐवजी दोनच फेजवर ओढत बसते. अशा वेळी ओव्हरलोड रिलेने ती बंद करायला हवी. पण सारखी ट्रिप होते म्हणून कोणीतरी त्या रिलेचं सेटिंग शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवलेलं असतं. सकाळी शेतकरी जातो तर जळका वास येत असतो.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बोअरची मोटार असेल तर चेन पुली आणायची, चार माणसं लावून एकेक पाइप वर काढायचा, मोटार गाडीवर टाकून यवतमाळला किंवा आदिलाबादला न्यायची. तिथे रांग. हरभरा घाट्यावर आलेला, पाणी चार-पाच दिवस बंद. मोटार भरून, म्हणजे जळालेली तार काढून नवी वाइंडिंग घालून, आणली, पुन्हा उतरवली, आणि महिन्याने पुन्हा जळली. एक शेतकरी माझ्या वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाला होता, "सर, एकाच साली तीनदा मोटार भरली जी, आता काय बायकोचं डोरलं भरू का तिच्यात?" त्याच्या शेतावर आमचा वीजतंत्रीचा (इलेक्ट्रिशियनचा) निदेशक गेला. मोटारीत काहीच दोष नव्हता. कॅपॅसिटर फुगलेला, अर्थिंगची तार तुटलेली, रिले शेवटच्या आकड्यावर. काही शे रुपयांचं काम होतं. भरून देणाऱ्याने दर वेळी चोख भरून दिली होती, पण मोटार का जळते हे बघायला शेतावर कोणी गेलंच नव्हतं.

कारागीर आणि तंत्रज्ञ यांच्यातला फरक मला तिथे नीट दिसला. वाइंडिंग करायला हात बसावा लागतो. जळालेली तार काढताना वेढे मोजायचे, मायक्रोमीटरने तारेचा गेज बघायचा, खाचांत इन्सुलेशन पेपर बसवायचा, वेढे तितकेच आणि तितकेच घट्ट घालायचे, साध्या मोटारीला वार्निश देऊन वाळवायची. पाणी भरून चालणाऱ्या सबमर्सिबलची तार वेगळी, प्लॅस्टिकच्या वेष्टनाची, तिथे वार्निशचं काम नाही. हे सगळं दुकानात उमेदवारी करूनही येतं. पण तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजून, मोटारीच्या पाटीवरचा करंट वाचून, रिले त्या आकड्यावर लावून "आता जळणार नाही" असं सांगणं, हे शिकवावं लागतं. दोन वर्षांच्या वीजतंत्री अभ्यासक्रमात हे सगळं आहे. कमी पडतो तो शेतावरचा सराव.

आता हिशेब करा. समजा एका गावात 100 मोटारी आहेत, त्यातल्या वर्षाला 20 जळतात आणि काढणं, नेणं, भरणं, परत बसवणं धरून एका मोटारीला 4,000 रुपये लागतात. एका गावाचे झाले 80,000. अशी 40 गावं धरली तर 32 लाख. हे आकडे मी फक्त रीत दाखवायला घेतले आहेत, तुमच्या गावचे खरे आकडे तुम्ही घाला. यात पाणी बंद राहिल्याने गेलेलं पीक धरलेलंच नाही. या पैशावर तालुक्यात सात-आठ दुकानं सहज उभी राहतात. ती दुकानं सुताराकडून बाकडं घेतील, वेल्डरकडून स्टँड करून घेतील, गावातलाच चहा पितील, पोरं गावच्या शाळेत घालतील. भागाचा विकास म्हणतात तो अशाच किरकोळ वाटणाऱ्या पैशाच्या फिरण्यातून होतो. नवीन कारखाना आला तर चांगलंच आहे, पण त्याची वाट बघत बसायची गरज नाही. यंत्रं आधीच आपल्या शेतात आणि बाजारात उभी आहेत.

प्रशिक्षण आणि भागाचा विकास यांचा संबंध आपल्याकडे नवीन नाही. प्रादेशिक अनुशेष मोजायला 1983 साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज यांच्यासोबत तांत्रिक शिक्षणाचा अनुशेषही वेगळा मोजला होता. म्हणजे एखाद्या भागात तांत्रिक शिक्षण नसणं हा रस्ता नसण्याइतकाच मोठा मागासलेपणा आहे, हे तेव्हाच मान्य झालं होतं. पण अनुशेष भरताना आपण इमारती आणि जागा मोजल्या. त्याही मागे जायचं तर ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली. उद्योगातून शिक्षण, आणि त्या उद्योगातून निघालेला माल विकण्याजोगा असला पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता. तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. लहान मुलांच्या बाबतीत ती टीका मलाही पटते. पण सतरा-अठरा वर्षांच्या आयटीआयच्या पोराच्या बाबतीत तो आग्रह शंभर टक्के बरोबर होता, असं मी अनुभवाने म्हणतो. वर्कशॉपमध्ये केलेला जॉब तपासून भंगारात जातो, हे पोराला कळलं की त्याचा हात ढिला पडतो. तोच जॉब कोणाच्या तरी नांगराला बसणार आहे म्हटलं की तो न सांगता पुन्हा कानस उचलतो. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी, ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं अशा माणसांच्या हातून हातमाग, सुतारकाम, छपाई उभी केली. ती टिकली, कारण तिथला माल वापरात येत होता.

आमच्या जोडारीत नवीन पोराला पहिले काही आठवडे एकच काम असतं. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने सपाट करायचा. सपाट झाला का ते बघायला त्यावर गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) उभा करून खिडकीकडे धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेड दिसला म्हणजे तिथे खोलगट आहे. पुन्हा घास. हाताला फोड येतात, पोरं रडकुंडीला येतात. काही आठवड्याभरात सोडून जातात. "सर, ग्राइंडरने दोन मिनिटांत होते ना हे, काहून घासायला लावता?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचने विचारला. त्याचं उत्तर मला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, सापडलं.

तुमच्याकडे पांढरकवडा, वणी, मारेगाव या पट्ट्यात जिनिंगची कमी नाही. डबल रोलर जिन मशीनमध्ये दोन रोलर असतात. प्रत्येकाला घट्ट टेकलेलं एक स्थिर पातं असतं आणि वर-खाली हलणारं दुसरं पातं असतं. रोलरच्या खरखरीत अंगाला रुई चिकटते, स्थिर पात्याखालून ओढली जाते. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही, हलतं पातं तिला झटकून खाली पाडतं. सगळा खेळ त्या पात्यांच्या सेटिंगचा आणि रोलरच्या खाचांचा. पातं नीट बसलं नाही तर सरकी कापली जाते आणि तिचे तुकडे रुईत येतात, किंवा सरकीवर रुई राहून जाते. रोलरच्या खाचा बुजल्या की उत्पादन पडतं, मग त्या पुन्हा पाडाव्या लागतात. साधारण 100 किलो कापसातून 33-34 किलो रुई निघते. 170 किलोची एक गठाण बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. रुईचा उतारा अर्ध्या टक्क्याने जरी घसरला तर हंगामभरात हजारो क्विंटलवर मालकाचं किती जातं ते बघा. आणि मालकाचं गेलं की ते कापसाच्या भावातून कोणाच्या अंगावर येतं, हे सांगायला नको.

मी यवतमाळ जिल्ह्यात होतो तेव्हा आमच्या जवळच्या एका जिनिंगचा फिटर दर हंगामाला बाहेरून यायचा. तो दुसरीकडे अडकला की मशीन दोन-दोन दिवस बंद. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, शेतकरी गाडीखाली झोपलेले, थंडी. मालकाशी बोलून मी माझी दोन पोरं हंगामभर तिथे ठेवली. पहिल्या वर्षी त्यांनी फक्त तेल-ग्रीस केलं आणि रोलर उचलले. दुसऱ्या वर्षी पात्याला हात लावायची परवानगी मिळाली. त्यातला एक मला सांगायला आला: "सर, पात्याखालून उजेड बघतो मी. तुमच्या गुण्यावानीच आहे ते." तोच आज स्वतःची गाडी घेऊन आजूबाजूच्या जिनिंगची कामं करतो. हंगाम संपला की रोलर घरी आणून खाचा पाडतो, शेडमध्ये एक जुना लेथ बसवला आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. दोघंही आयटीआयचीच. रुईच्या बाबतीत पुढचं शिकायचं असेल तर नागपूरला सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या भागातल्या फार थोड्या पोरांना ते ठाऊक आहे, ही गोष्ट मला फार लागते.

एक गोष्ट लक्षात घ्या, हे सगळं एका वर्षात झालं नाही. आयटीआयची दोन वर्षं, मग जिनिंगचे तीन हंगाम. त्या तीन हंगामांत त्या पोराला बापाने जेवू घातलं. ज्याच्या बापाकडे तेवढी ऐपत नव्हती, तो दुसरा पोरगा तिसऱ्या हंगामाआधी पुण्याजवळ चाकणला गेला. प्रशिक्षणावर खर्च होतो, जागा वाढतात, पण पास झाल्यापासून हात बसेपर्यंतची दोन-तीन वर्षं पोराने काय खायचं, याची तजवीज कोणी करत नाही. आपल्याकडे गळती नेमकी इथे होते. पुण्याला गेलेल्या पोरांना मी नाव ठेवत नाही. घरी पैसे पाठवतात, बहिणीचं लग्न करतात, काही जण शिकून परत येतात. पण तुम्ही भागाच्या विकासाचं विचारलंत, म्हणून हे सांगितलं.

याच ठिकाणी शिकाऊ उमेदवारीचा कायदा कामाला येतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना 2016 साली आली. तिच्यात विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. आपल्या तालुक्यातले बहुतेक जिनिंग, दाल मिल, गॅरेज, ट्रॅक्टरची वर्कशॉप या ऐच्छिक गटात बसतात. मालकाला हे माहीत नसतं, किंवा माहीत असलं तरी पोर्टल आणि कागदपत्रांच्या भीतीने तो त्या वाटेला जात नाही. ग्रामपंचायतीने किंवा तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने त्या चार कागदांचं काम अंगावर घेतलं, तर दहा मालक तयार होतील. हे मी पटवून बघितलेलं आहे. मालकाचा आक्षेप पैशावर कमी आणि "तपासणीला साहेब येईल" यावर जास्त असतो.

आता तुम्ही म्हणता त्या कौशल्य केंद्रांबद्दल. अल्प मुदतीचं प्रशिक्षण वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. आधीच काम करणाऱ्या माणसाला तीन आठवड्यांत नवीन यंत्र शिकवणं फार उपयोगाचं आहे. गेली दहा वर्षं स्कूटर दुरुस्त करणाऱ्याला इलेक्ट्रिक स्कूटरचं शिकवा, तो महिन्यात कमवायला लागेल. पण ज्याने कधी पाना हातात धरला नाही, त्याला तीन महिन्यांत तंत्रज्ञ करता येत नाही. एका तालुक्याच्या गावी मी असं केंद्र बघितलं, जिथे हॉटेल सेवेचा अभ्यासक्रम चालू होता. त्या गावात बसस्टँडसमोरच्या दोन खानावळींपलीकडे हॉटेल नव्हतं. हजेरी चोख, फोटो चोख, प्रमाणपत्रं वाटली, मुलं नोकरीला लावल्याचं दाखवलं आणि केंद्र पुढच्या तालुक्याला गेलं. ती पोरं मनातून प्रशिक्षण या शब्दालाच विटली. हे नुकसान पैशाच्या नुकसानापेक्षा मोठं आहे. कारण पुढच्या वर्षी आम्ही प्रवेशासाठी त्याच गावात गेलो, तेव्हा एका आईने आम्हाला ओसरीवरूनच परत पाठवलं.

मोठ्या प्रकल्पांचंही थोडक्यात सांगतो. चंद्रपूर, वणीच्या कोळसा खाणी, औष्णिक वीज, आता गडचिरोलीत कोनसरी-सुरजागडचं लोखंड, अमरावतीजवळ नांदगाव पेठेला येणारा पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क. यांच्यासाठी प्रशिक्षण हवंच. मात्र प्रकल्प उभा राहत असताना वेल्डर, फिटर, रिगर, गवंडी यांची मोठी भरती असते आणि प्रकल्प चालू झाला की त्यातली बरीच कामं संपतात. आपली पोरं पहिल्या भरतीला तयार नसतात, कारण अभ्यासक्रम भूमिपूजनानंतर सुरू होतो. बाहेरच्या राज्यातून तयार वेल्डर येतात. मग आपण स्थानिकांना डावललं म्हणून मोर्चा काढतो. मोर्चा काढू नये असं मी म्हणणार नाही. पण संधाता (वेल्डर) हा एका वर्षाचा व्यवसाय आहे, आणि पाइप वेल्डिंगची चाचणी पास होण्याइतका हात बसायला त्यावर आणखी सराव लागतो. प्रकल्पाची घोषणा झाली त्याच दिवशी तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन वेल्डिंगचे रॉड आणि प्लेटा पुरेशा आहेत का, हे विचारा.

रॉडवरून आठवलं. शिकवताना सगळ्यात जास्त अडतं ते कच्च्या मालापाशी. एक पोरगा शंभर रॉड जाळल्याशिवाय वेल्डिंगचा सरळ मणका (सांध्यावरची रेघ) टाकू शकत नाही. तांब्याच्या तारेचे भाव तर विचारू नका. मी असताना जुन्या जळालेल्या मोटारींची तार सोडवून, सरळ करून तिच्यावर पोरांकडून वेढ्यांचा सराव करून घ्यायचो. शिवाय निदेशकांची पदं रिकामी असतात. तासिका तत्त्वावरचा तरुण निदेशक मन लावून शिकवतो, पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे त्याला ठाऊक नसतं. वर्कशॉपची नवीन इमारत बघून खूश होण्याआधी, आत निदेशक किती आहेत ते मोजा.

मुलींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गावात मुलींसाठी प्रशिक्षण म्हटलं की शिवणयंत्र पुढे येतं. एका गावात वीस बायका ब्लाउज शिवायला लागल्या की एकीलाही पोटापुरतं काम उरत नाही. आयटीआयमध्ये सगळ्या व्यवसायांत मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यांपैकी वीजतंत्रीतल्या जागा दरवर्षी रिकाम्या राहताना मी बघितल्या आहेत. मोटार वाइंडिंग हे बसून करायचं, चिकाटीचं, घरच्या पडवीत होणारं काम आहे. माझ्याकडे शेजारच्या वर्गातून आलेली एक मुलगी वेढे मोजताना कधीच चुकली नाही, तिला शेवटी सगळा वर्ग मोजायला बोलवायचा. वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यात कवठ्याला बचत गटाच्या बायकांनी सौर पॅनेल तयार करण्याचं काम उभं केलं आहे. आपल्याकडे आता शेताशेतावर सौर पंप बसत आहेत. त्यांना बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. सहाव्या वर्षी कंट्रोलर बिघडला की कोण बघणार? त्याची तयारी आजपासून करायची असते, आणि तिथे मुलींना जागा आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे.

आधी यंत्रं मोजा. आजूबाजूची दहा-बारा गावं घ्या. विहिरी-बोअरवरच्या मोटारी, सौर पंप, ट्रॅक्टर, रोटावेटर, थ्रेशर, फवारणी पंप, पिठाच्या गिरण्या, दाल मिल, नळयोजनेचे पंप, दुचाक्या, मोबाइल टॉवर, जिनिंग. प्रत्येकापुढे लिहा: बिघडलं की कोण दुरुस्त करतं, तो कुठून येतो, किती दिवस लागतात, किती घेतो. दहावी-बारावीची पोरं हे काम दोन रविवारांत करतात. ती यादीच तुमचा अभ्यासक्रम आहे. त्यात सोयाबीनच्या थ्रेशरचं बेअरिंग आणि पट्टा दिसेल, रोटावेटरची पाती दिसतील. जे नाव सगळ्यात जास्त वेळा दिसेल आणि माणूस सगळ्यात लांबून येत असेल, तिथून सुरुवात करा. सुरुवातीला दोनच कामं धरा, पाच नको.

मग यादी घेऊन आयटीआयच्या प्राचार्यांकडे जा. पण एकटे नको, जिनिंगचा मालक, ट्रॅक्टरच्या शोरूमचा मेकॅनिक आणि एखादा जुना वाइंडिंगवाला सोबत घ्या. बऱ्याच आयटीआयमध्ये संस्था व्यवस्थापन समिती आहे. 2007 पासून सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या योजनेत देशातल्या 1,396 आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं गेलं ते या समित्यांमार्फतच. तुमच्या आयटीआयची समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, उद्योगाचा प्रतिनिधी कोण आहे, हे विचारा. कित्येक ठिकाणी तो माणूस जिल्ह्याच्या गावात राहतो आणि सहीपुरता येतो. तिथे तालुक्यातला माणूस बसवायचा आग्रह धरा. त्या जुन्या वाइंडिंगवाल्याला आठवड्यातून एक दिवस वर्गात बोलवायची सोय करा. प्रमाणपत्र त्याच्याकडे नसेल, पण माझ्या मते तालुक्यातला तो सगळ्यात मोठा शिक्षक आहे.

पास झालेल्यांना पहिलं काम गावाने द्यावं. नळयोजनेचा पंप, पथदिवे, शाळेची वायरिंग, ग्रामपंचायतीचं सगळं दुरुस्तीकाम बाहेरच्या ठेकेदाराऐवजी तालुक्यातल्या आयटीआयच्या पोराला द्या. जल जीवन मिशनमधलं नल जल मित्र प्रशिक्षण यासाठीच आहे. 2016 च्या ग्राम विद्युत व्यवस्थापक योजनेमागेही गावचा वीजतंत्री गावातच असावा हाच विचार होता. पहिली दोन वर्षं एवढ्या कामाने त्याचं मीठ-तेल निघालं तरी तो टिकतो.

कर्जाच्या बाबतीत पोरांची फार दिशाभूल होते, म्हणून हे नीट वाचा. पीएम विश्वकर्मा ही चांगली योजना आहे: 15,000 रुपयांपर्यंतची अवजारं, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज पाच टक्के व्याजाने. पण ती 18 पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. लोहार, सुतार, कुंभार, गवंडी, शिंपी, बुरूड त्यात आहेत. वीजतंत्री आणि मोटार वाइंडिंग त्यात नाही. त्यांच्यासाठी जिल्हा उद्योग केंद्राकडे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि विशेष गटाला 35 टक्के अनुदान मिळतं. दुकान मात्र आधी कर्ज काढून उभं करू देऊ नका. वर्षभर दुसऱ्याच्या दुकानात, मग घरच्या पडवीत, गिऱ्हाईक बांधलं गेलं की मग कर्ज. उलट क्रमाने गेलेली चार दुकानं मी बंद पडताना बघितली आहेत. त्यातल्या एकाची वाइंडिंग मशीन अजून त्याच्या घरात पोत्याखाली झाकलेली आहे. त्याचा हात चांगला होता.

वेळेचंही बघा. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर धरतो. त्यात पोरं ठेवायची असतील तर मालकाशी पोळ्याच्या सुमारास बोलावं लागतं, नंतर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मोटारी जास्त जळतात हरभऱ्याच्या पाण्याला आणि उन्हाळी भुईमुगाला. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात. म्हणजे यंत्रांची मोजणी उन्हाळ्यात झाली तर निकालाच्या आधी गावात बसून, कोणत्या पोराने वा पोरीने कोणता व्यवसाय घ्यायचा, हे आई-बापांसमोर बोलता येईल. प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना सायबर कॅफेवाला पहिला पर्याय काय टाकतो, यावर आपल्याकडे आयुष्यं ठरतात. तो अर्ज भरायच्या दिवशी तुमच्यापैकी कोणीतरी पोरांसोबत असावं.

मोजणीचा तक्ता कसा करायचा ते लिहून पाठवतो, एका पानाचाच आहे. यादी तयार झाली की कळवा. मी आता यवतमाळला राहतो, तुमच्या तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा इथून दीड तासाच्या वाटेवर आहे. प्राचार्यांकडे जायच्या दिवशी मी सोबत येईन.